नायट्रसची बाटली आणि प्रवासी एकाच बोटीत नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत स्पीडबोटींवर लेख आला आहे. त्यात नायट्रस ऑक्साइडच्या बाटलीचं जे वर्णन आहे ते वाचून मी हे पत्र लिहायला बसलो. बाटली बसवा, बटण दाबा, बोट सुसाट निघते, एवढंच त्यातून वाचकाच्या हाती लागतं. आमच्याकडे मालवण-तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी चालवणारी पोरं तो लेख मोबाइलवर एकमेकांना पाठवताहेत. काहीजण तर माझ्याकडे नायट्रसचं कीट कुठे मिळेल, हे विचारायला घरी येऊन गेले. पोरं हुशार आहेत, हाताला कसब आहे, म्हणूनच काळजी वाटते.

मी मूळचा मालवणचा. नोकरीची बरीच वर्षं अमेरिकेत, ॲरिझोनातल्या लेक हवासूला बोटींची इंजिनं बांधण्यात गेली. कोलोरॅडो नदीवर पार्कर धरण बांधल्यावर हा तलाव झाला. लंडनचा जुना पूल दगड दगड सुटा करून नेऊन उभारला, तेच हे गाव. तिथे अठरा-वीस फुटी फायबरच्या हलक्या बोटी असतात. मागे उघडं व्ही-एट इंजिन, साडेसात लिटरच्या आसपासचं, आणि त्याला जोडलेला जेट पंप. अशा बोटींवर नायट्रस बसवणं हे माझं रोजचं काम होतं. या गॅसचं मला वावडं नाही. नीट बसवलेलं नायट्रस चालू झालं की सीटमध्ये पाठ रुतते. तो आनंद मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही.

पहिली गोष्ट, लेखात नायट्रसला इंधन म्हटलंय, पण ते इंधन नाही. ते स्वतः जळत नाही. सरळ रेषेत शर्यत लावणाऱ्या ड्रॅग बोटींच्या सर्वांत वरच्या वर्गात वापरतात ते नायट्रोमिथेन वेगळं, ते खरोखर इंधन आहे. नायट्रस ऑक्साइड म्हणजे दातांचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तोच वायू. वजनाने पाहिलं तर त्यात सुमारे 36 टक्के ऑक्सिजन, हवेत 23. सिलिंडरमध्ये साधारण 300 अंशांवर त्याचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीतून द्रवरूपात आलेला गॅस नोझलमधून सुटताना उणे 88 अंशांपर्यंत गार होतो, त्यामुळे आत जाणारी हवा घट्ट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावरच्या विरळ हवेत लढाऊ विमानांना हेच दिलं होतं, ब्रिटिशांनी काही मॉस्किटो विमानांना. मुद्दा एवढाच, की ऑक्सिजन वाढला तर त्या हिशोबाने पेट्रोलही वाढलं पाहिजे. ताकद पेट्रोल देतं. बाटली फक्त ते जाळायची सोय करते.

सगळा घोटाळा इथे होतो. बाटली आणायची हौस सगळ्यांना असते, पेट्रोलच्या लाइनकडे कोणी बघत नाही. नायट्रस आलं आणि पेट्रोल कमी पडलं तर इंजिन कोरडं पडतं, आतलं तापमान भडकतं, ठोके पडायला लागतात आणि पिस्टन वितळतो. हे व्हायला काही सेकंद पुरतात. दुकानात बोट परत आली की आम्ही आधी प्लग काढायचो आणि भिंगाखाली धरायचो. पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चंदेरी कण चिकटलेले दिसले की पुढे काही विचारायची गरज नसायची. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. मालक बाजूला उभा राहून सांगत असायचा, की इंजिन छान चाललंय, फक्त किंचित आवाज येतोय.

बोटीत पेट्रोल कमी पडायची कारणं गाडीपेक्षा जास्त आहेत. लाटांवर टाकी हिंदकळते. टाकीतून पेट्रोल आपोआप वाहून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊ नये म्हणून लाइनला अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो. रोजच्या चालीला तो पुरतो, नायट्रसच्या मागणीला तोच गळा आवळतो. फिल्टरमध्ये पाणी साचलेलं असतं. आणि आमच्या किनाऱ्यावर बऱ्याच बोटींना मागे बाहेर टांगलेली टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं आहेत, तिथे तर वेगळंच संकट. त्या मशिनचं वंगण पेट्रोलबरोबरच आत जातं. जास्तीचं पेट्रोल वेगळ्या टाकीतून ऑइल न मिसळता दिलं तर क्रँकची बेअरिंगं धुऊन निघतात आणि मशीन भर समुद्रात जाम होतं.

गाडीच्या शर्यतीत पाव मैल दहा-बारा सेकंदांत संपतो, मध्ये गिअर बदलताना इंजिनला क्षणभर उसंत मिळते. बोटीला गिअर बदलणं नाही, उतार नाही. थ्रॉटल पूर्ण उघडं असेपर्यंत पंखा पूर्ण ओझं इंजिनवर ठेवतो. 100 हॉर्सपॉवर वाढवणाऱ्या जेटवर (जेट म्हणजे गॅस मोजून सोडणारी बारीक छिद्राची तोटी) दहा पौंडी बाटली, म्हणजे साडेचार किलो गॅस, दीड मिनिटाच्या आसपास टिकतो. पोरं तेवढा वेळ बोट बटणावरून काढत नाहीत. उलट लाटेवर बोट उसळून पंखा पाण्याबाहेर आला की ओझं एकदम जातं आणि इंजिन बेफाम फिरतं. म्हणून इंजिन मिनिटाला ठरावीक फेऱ्यांच्या वर गेल्यावर नायट्रस आपोआप बंद करणारा स्विच बोटीला हवाच. खालच्या बाजूलाही मर्यादा हवी. इंजिन हळू फिरत असताना फवारा सुटला तर इनटेकमध्ये पेट्रोल साचतं आणि ते तिथेच पेट घेतं. गाडीत यात बॉनेट उडतं. बोटीत त्याच आगीच्या खाली बिल्ज असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथेच बसलेली असते. नायट्रसही हवेपेक्षा दीडपट जड. गळालं तर तेही तिथेच जाऊन बसतं आणि आग लागली तर तिला ऑक्सिजन पुरवतं. अमेरिकेत पेट्रोलचं इंजिन बंद कप्प्यात असलेल्या बोटींना वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर, इंजिनातली ज्वाला बाहेर येऊ न देणारा फ्लेम अरेस्टर आणि ठिणगी बाहेर न पडणारे रिले-सोलेनॉइड सक्तीचे आहेत ते याचसाठी. मोटारीच्या कीटमधले रिले तसे नसतात, आणि ऑनलाइन मिळतात ती बहुतेक मोटारीचीच कीटं.

आता आमच्या उन्हाबद्दल. हा गॅस बाटलीत द्रवरूपात राहतो तो 36.4 अंशांपर्यंतच. त्यापुढे कितीही दाब असला तरी द्रव म्हणून राहत नाही. बाटलीचा दाब 900 ते 950 पीएसआय असावा अशा हिशोबाने जेट ठरवलेले असतात. 21 अंशांना तो 760 च्या आसपास असतो आणि 36 अंशांना हजाराच्या वर जातो. दाब वाढला की नायट्रस जास्त येतं, पेट्रोल मात्र तेवढंच, म्हणजे पुन्हा मिश्रण कोरडं. त्याहून तापली तर किती गॅस येईल याचा भरवसाच राहत नाही. हवासूला उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. तिथे बाटलीवर ओले टॉवेल गुंडाळून, बर्फात ठेवून, प्रत्येक फेरीआधी गेज बघूनच बोट सोडायची, हा आमचा नियम होता. मे महिन्यात तारकर्लीच्या वाळूवर ओढलेल्या बोटीच्या बंद पेटीत 36 अंश कधी ओलांडले जातील, हे मी वेगळं सांगायला नको. आणि दाब फार वाढून बाटलीवरची सेफ्टी डिस्क फुटली तर गॅस बाहेर जायला बोटीबाहेर काढलेली नळी हवी. बंद केबिनमध्ये तो श्वासात गेला तर माणूस गुदमरतो. त्यात ऑक्सिजन आहे खरा, पण आपलं शरीर तो सुटा करू शकत नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? पाण्यावर घसरत जाणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 400 हॉर्सपॉवरवर ताशी 110 किलोमीटर जाणारी बोट 500 हॉर्सपॉवरवर 123 पर्यंत जाईल. शर्यतीत हे तेरा किलोमीटर सर्वस्व असतात. बनाना राइडच्या बोटीला, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटीला त्यांचं काय काम?

18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात इंजिनच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. तिथे नायट्रसचा काही संबंध नव्हता. पण इंजिनची परीक्षा आणि प्रवाशांची वाहतूक एका पाण्यात झाली की काय होतं, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. कॅलिफोर्नियातल्या लेक मिंगवर ड्रॅग बोटी धावतात तेव्हा पाणी रिकामं केलेलं असतं, बचावाची बोट पाणबुड्यांसह तयार असते. साध्या बोटींनाही अमेरिकेत एप्रिल 2021 पासून, 26 फुटांखालच्या असतील तर, चालवणाऱ्याने किल स्विचची (तो पडला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला अडकवणं बंधनकारक आहे. आमच्याकडे ही दोरी बहुतेक बोटींवर स्टिअरिंगलाच गुंडाळलेली असते. चालवणारा पाण्यात पडला तर बोट इंजिन चालू ठेवून गोल फिरत राहते.

तेव्हा माझं मागणं दोन जणांकडे आहे. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने वॉटर स्पोर्ट्सच्या आणि प्रवासी बोटींच्या तपासणीत बोटीवर नायट्रसची बाटली किंवा तिची लाइन नाही, एवढं बघावं. किल स्विचची दोरी अंगाला लावून दाखव म्हणावं. बाटल्या कुठून भरून मिळतात याकडे नागपूरच्या पेसो, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडर यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय कार्यालयाने लक्ष द्यावं. दाबाखालच्या गॅसचे सिलिंडर त्यांच्याच अखत्यारीत येतात आणि दवाखान्याच्या निळ्या सिलिंडरमधून बोटीची बाटली भरण्याचा उद्योग कोणाला सुचू नये.

दुसरं मागणं आपल्याकडे. पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच आकारात, पेट्रोलची लाइन, फेऱ्यांचा स्विच, ब्लोअर आणि बाटलीचा दाब यांवर एक चौकट छापावी. मजकूर आणि आकृती मी देईन, मानधन नको. ज्या पोरांना स्वतःच्या बोटीवर, एकट्याने, रिकाम्या पाण्यात हे करूनच बघायचं आहे त्यांनी आधी माझ्याकडे यावं. जळालेले पिस्टन आणि प्लग मी हवासूहून आणून ठेवलेत, ते हातात घेऊन बघावेत आणि मग मशिनला हात लावावा. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त मरीन मेकॅनिक, मालवण
(नाव संपादकांकडे आहे)