राउटर बदलण्याआधी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इंटरनेट मंद चालते म्हणून दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने राउटर जुना झाला आहे, नवा घ्या, असे सांगितल्याचे बाबांनी कळवले आणि काय करावे असे मला विचारले. त्याचे म्हणणे खरे असू शकते, पण त्याने काहीही मोजून पाहिलेले नाही. इंटरनेटचा वेग नेमका कोणत्या ठिकाणी कमी होतो हे कळल्याशिवाय नवा राउटर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते शोधणे तुम्हाला दोघांना घरच्या घरी सहज जमेल, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनी वही जवळ ठेवावी, कारण आकडे लिहून ठेवावे लागतील.

इंटरनेट तुमच्या फोनपर्यंत पोहोचते ते तीन टप्प्यांनी. पहिला टप्पा कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत आलेल्या फायबरचा, दुसरा घरातल्या पेट्यांचा आणि तिसरा राउटरपासून फोनपर्यंतच्या हवेतल्या लहरींचा. तुमच्याकडे भिंतीजवळ दोन पेट्या आहेत. जिच्यात फायबरची बारीक वायर शिरते ती ओएनटी, आणि जिला अँटेना आहेत ती राउटर. ओएनटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर बिघाड बाहेरच्या लाइनचा आहे, त्यात राउटरचा काहीही संबंध नाही आणि तक्रार थेट कंपनीकडेच करायची. फायबरची वायर कुठे काटकोनात दुमडली गेली नाही ना, हेही एकदा पाहून घ्या. तिच्या आत काच असते आणि तीव्र वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो.

मोजणीला बसण्याआधी दोन्ही पेट्यांची वीज बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी सुरू करा, तिचे दिवे स्थिर झाले की मग राउटर सुरू करा. येथे एक कळकळीची विनंती आहे. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे एक बारीक छिद्र असते, त्याला हात लावू नका. ते दाबल्याने राउटर नुसता बंद होऊन सुरू होत नाही, तर कंपनीने त्यात भरलेले वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात, आणि मग चालू असलेले इंटरनेटही बंद पडते.

आता मोजणी. ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम हे पान उघडले की ते आपोआप वेग मोजू लागते. बाबांच्या संगणकाला केबलने राउटरशी जोडा आणि पहिला आकडा लिहा. त्यानंतर फोन घेऊन राउटरपासून दोन-तीन हातांवर उभे राहा आणि वायफायवरचा आकडा लिहा. मग आई जिथे बसून फोन पाहते त्या आतल्या खोलीत जाऊन तोच प्रयोग करा. प्रत्येक मोजणीच्या वेळी टीव्हीवरचे कार्यक्रम आणि दुसरा फोन बंद ठेवा, नाहीतर तेही वेगाचा वाटा घेतील आणि आकडा फसवा निघेल. हे सगळे एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास करा. एक खुलासा आधीच करते: हे आकडे मेगाबिटमध्ये असतात आणि फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, त्यामुळे तुमच्या २०० एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिटच्या) जोडणीवर सेकंदाला २५ मेगाबाइट हीच कमाल मर्यादा आहे. तेवढे दिसले तर तो बिघाड मानू नये.

केबलवरचा आकडा १८० च्या वर आला, तर बाहेरची लाइन आणि राउटरचा आतला भाग दोन्ही ठीक आहेत असे समजा. केबलवरही वेग फार कमी असेल आणि तोही रात्रीच घटत असेल, तर बहुधा परिसरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी वापर केल्यामुळे कंपनीच्या बाजूला कोंडी होत असावी. नवा राउटर ती कोंडी फोडू शकणार नाही. दिवसभर वेग सारखाच कमी असेल, तर कंपनीच्या माणसाला बोलावून त्याचा लॅपटॉप थेट ओएनटीला जोडायला सांगा आणि तुमच्यासमोर मोजणी करायला लावा. तिथे पूर्ण वेग मिळाला आणि राउटरमधून मिळाला नाही, तर मग राउटर दोषी, किंवा त्या दोहोंमधली केबल. हा एकच प्रयोग त्याने त्या दिवशी केला असता तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

केबलवर ९० ते ९५ च्या दरम्यानचा आकडा आला, आणि तो पुन्हा पुन्हा तेवढाच येत राहिला, तर त्याकडे बाबांनी विशेष लक्ष द्यावे, कारण तुमच्या बाबतीत मला याचीच सर्वांत जास्त शंका आहे. जुन्या आणि साध्या राउटरांचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या खाचा, १०० एमबीपीएसचे असतात आणि देवाणघेवाणीचा आवश्यक खर्च वजा जाता त्यांतून सुमारे ९४ एवढाच वेग मिळतो. तुमची जोडणी पूर्वी ५० ची होती तेव्हा हे पोर्ट पुरेसे होते. कंपनीने ती २०० ची केली तरी राउटर तोच राहिला. अशा वेळी राउटर बिघडलेला नसतो, त्याची मर्यादा संपलेली असते. तरीही घाई करू नका. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांतल्या चार पुरतात, पण १००० एमबीपीएससाठी आठही शाबूत लागतात. त्यांतली एखादी तुटली की जोडणी काहीही न सांगता १०० वर उतरू शकते. म्हणून आधी दुसरी केबल लावून पाहा. तिच्यावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेले असावे. बाबांच्या संगणकाचे स्वतःचे पोर्टही जुने असण्याचा संभव आहे, तेव्हा राउटरच्या जवळ उभ्या केलेल्या नव्या फोनवर आकडा शंभराच्या पुढे जातो का, तेही पाहावे. तो गेला, तर राउटरचे पोर्ट निर्दोष ठरतात.

केबलवर वेग चांगला आणि राउटरजवळ उभे राहूनही वायफायवर कमी, असे झाले तर दोन्ही फोनांवर मोजा. आईचा फोन जुना आहे आणि त्याला बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी समजतात. बाबांच्या फोनला ५ गिगाहर्ट्झच्याही समजतात. बाबांच्या फोनवर वेग दुप्पट-तिप्पट दिसला, तर दोष आईच्या फोनचा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अरुंद आहे, त्यात एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. शेजारच्या सगळ्या घरांचे वायफाय, ब्लूटूथ आणि चालू असलेला मायक्रोवेव्ह हे सारे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. राउटर त्या मानाने नवा असला तरी या गर्दीतून त्याची सुटका नसते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, मात्र भिंतींपलीकडे तो लवकर क्षीण होतो.

राउटरजवळ चांगला आणि आतल्या खोलीत वाईट, असा निकाल आला तर मुख्य अडचण अंतराची आणि भिंतींची आहे. राउटर आज टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे, आणि यांतली एकही गोष्ट त्याच्या सोयीची नाही. त्याला उघड्यावर, खांद्याएवढ्या उंचीवर, घराच्या शक्य तितक्या मध्यभागी आणा; त्यासाठी लांब केबल लागली तर ती खुशाल घ्या. जागा बदलून पुन्हा मोजा. नवा राउटर त्याच कोपऱ्यात ठेवला, तर थोडाच फरक पडेल आणि तुमची निराशा होईल. कोणी साधा रिपीटर सुचवला तर लगेच होकार देऊ नका. तो त्याच लहरींवर ऐकतो आणि त्याच लहरींवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग सहसा निम्म्यावर येतो.

व्हिडिओ कॉल अडकतो म्हणून आईला वाईट वाटते, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी वेगळे लिहिते. आपल्या दोघींच्या कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. तेव्हा २०० च्या जोडणीवर तो अडकत असेल तर वेग कमी पडणे हे बहुधा त्याचे कारण नाही. माहितीचे तुकडे उशिरा पोहोचणे किंवा वाटेत गहाळ होणे हे त्याचे कारण असावे. फास्ट डॉट कॉमवर अधिक माहिती दाखवणारे बटण दाबले की ‘लेटन्सी’चे, म्हणजे माहिती पोहोचायला होणाऱ्या उशिराचे, दोन आकडे मिलिसेकंदांत येतात, एक लाइन मोकळी असतानाचा आणि दुसरा ती पूर्ण भरलेली असतानाचा. पहिला १० आणि दुसरा ४० असेल तर चिंता नाही. दुसरा दोनशे-तीनशेच्या पुढे जात असेल, तर टीव्ही किंवा दुसरा फोन जोरात वापरला जात असताना तुमचा कॉल रांगेत ताटकळतो असे समजावे. ही रांग अनेकदा राउटरमध्येच लागते, आणि नवे राउटर ती पुष्कळ चांगल्या रीतीने सांभाळतात. राउटर बदलण्याचे हे मला पटणारे एक कारण आहे.

वयाने राउटर खरोखर थकतो का, असे बाबांनी विचारले आहे. लहरी पाठवण्याची त्याची क्षमता वर्षागणिक झिजत जाते असे सहसा होत नाही. झिजतो तो त्याचा वीजपुरवठा, विशेषतः ॲडॉप्टर, कारण त्यातले कॅपॅसिटर सततच्या उष्णतेने सुकत जातात. राउटर आपोआप बंद होऊन सुरू होतो, किंवा सुरू केल्यावर काही तास चांगला चालतो आणि मग मंदावतो, असे दिसले तर प्रथम ॲडॉप्टर बदलून पाहावा. नवा घेताना त्यावरचे व्होल्ट जुन्याइतकेच असावेत आणि अँपिअर तितके किंवा अधिक. पिनही तशीच असावी. राउटरवर टाकलेला विणलेला रुमाल मात्र आईने आजच काढावा, त्याने हवा खेळत नाही.

मोजणीत सगळे ठीक निघाले तरी एका कारणासाठी मी राउटर बदलायला सांगेन. राउटर हा लहानसा संगणकच आहे आणि निर्माती कंपनी काही वर्षांनी त्याला सुरक्षेच्या सुधारणा देणे थांबवते. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केला, त्यांत बहुसंख्य घरगुती आणि लहान कार्यालयांचे राउटर होते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने तेव्हा लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते. ज्या राउटरला सुधारणा मिळत नाहीत त्यावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करावेत, हे मला मान्य नाही. वायफायच्या सुरक्षेच्या पर्यायात ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ अशी सांकेतिक लिपीच्या जुन्या पद्धतींची नावे दिसली तर तेही कळवा. ते पर्याय असुरक्षित तर आहेतच, शिवाय ते निवडलेले असताना वायफायचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाऊ शकत नाही, आणि त्यासाठी नवा राउटर नव्हे, फक्त एक पर्याय बदलावा लागतो. तो बदल आपण फोनवर बोलत करू.

बदलायचाच ठरला तर ‘वायफाय ६’ पिढीचा, सर्व पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असलेला राउटर पुरे. वायफाय ४ हे २००९ चे मानक, वायफाय ५ हे २०१३ चे, आणि वायफाय ६ ची प्रमाणपत्रे २०१९ पासून मिळू लागली. वायफाय ७ ची २०२४ पासून मिळतात, पण तुमच्या दोन्ही फोनांना त्याचा उपयोग करता येणार नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत. खोक्यावर ‘एसी १२००’ असा मोठा आकडा पाहून भुलू नका. तो दोन पट्ट्यांच्या कागदोपत्री वेगांची बेरीज असते, आणि असे लिहिलेल्या कितीतरी राउटरांचे पोर्ट १०० चेच असतात. आताचा राउटर कंपनीने दिलेला आहे का, हेही पावती पाहून सांगा, कारण तसे असेल तर तो बदलून देण्याची मागणी प्रथम कंपनीकडेच करायला हवी.

राउटर उलटा करून तळाच्या लेबलाचा फोटो मला पाठवा; त्यावर वायफायचा पासवर्ड छापलेला असेल तर तेवढा भाग बोटाने झाका. लेबलावरच्या मॉडेल क्रमांकावरून पोर्ट किती वेगाचे आहेत आणि सुधारणा अजून मिळतात का, हे मी पाहून ठेवते. सोबत वहीतल्या आकड्यांच्या पानाचाही फोटो पाठवा, म्हणजे रविवारी बोलताना आपल्याला निर्णय करता येईल. तोवर त्या माणसाचा फोन आला तर तपासणी चालू आहे एवढेच सांगा, आणि तो कितीही आग्रहाने म्हणाला तरी फोनवर कोणताही ओटीपी देऊ नका.

तुमची लेक