बाई, ती ओळ तुम्ही वाचलीत

आदरणीय बाईंना,

सा. न. वि. वि.

मी खडकी बाजारातल्या आपल्या जुन्या चाळीतली, आठ नंबरची. सॅपरची, म्हणजे फौजेत सुरुंग काढणाऱ्याची, मुलगी म्हटलं की तुमच्या लगेच लक्षात येईल.

आई गेली त्याला आता वर्ष होत आलं. शेवटच्या दोन महिन्यांत ती १९७१ च्या डिसेंबराबद्दल जेवढं बोलली, तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत कधी बोलली नव्हती. आणि दर वेळी बोलणं तुमच्यापाशी येऊन थांबायचं. "बाईंचे आभार मानायचे राहिले गं," एवढंच म्हणायची. तुम्ही तिला कधी मानूच दिले नाहीत, असंही सांगायची. ते मी आज मानते आहे, आणि चारचौघांत मानते आहे. कारण तेव्हा तुम्हाला बोल लावले गेले तेही चारचौघांत, नळावर, आपल्या चाळीतल्या बायकांकडून. हे मला आईकडून अगदी अलीकडे कळलं. कळल्यापासून चैन नाही.

बाबांची तुकडी त्या वर्षी ऑक्टोबरात उत्तरेला गेली आणि आई साताऱ्याकडच्या गावाहून मामाकडे राहायला आली. मामा दारूगोळा कारखान्यात. आईला अक्षरओळख नव्हती, सही म्हणजे अंगठा. बाबांची पत्रं यायची ती तुम्ही शाळेतून आल्यावर वाचून दाखवायची आणि उत्तरंही तुम्हीच लिहायची. 'द्वारा ५६ एपीओ' हे बाबांच्या गावाचं नाव आहे, असं आई किती तरी दिवस समजत होती. फौजेच्या पत्त्यावरून माणूस कुठे आहे ते कुणाला कळू नये म्हणून तसं लिहितात, हे तुम्ही तिला समजावलंत. नोव्हेंबरच्या मध्यापासून टपालाला पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं, तेव्हा मामा कुरकुरला होता. तेव्हाही तुम्हीच सांगितलंत की पूर्व बंगालातून एक कोटीच्या घरात माणसं जीव मुठीत धरून आपल्याकडे आली आहेत, हे पाच पैसे त्यांच्या पोटासाठी आहेत. आई म्हणायची, "लढाई कशापायी लागणार, ते मला त्या तिकिटावरनं कळलं."

तीन डिसेंबरच्या संध्याकाळी आपल्या विमानतळांवर हल्ले झाले. त्या रात्री सगळी चाळ तुमच्या रेडिओभोवती जमली होती. इंदिराबाई मध्यरात्र उलटून गेल्यावर बोलल्या. दुसऱ्या दिवशीपासून काचांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, आणि संध्याकाळ झाली की अंधार. मामाची जेवणाची वेळ उरली नाही. कारखान्यात पाळीवर पाळी चालायची आणि तो घरी यायचा तो अंघोळ करून झोपायला. रात्री खडकी स्टेशनातून मालगाड्या जायच्या त्यांचे डबे आई अंधारात मोजायची. तिला दहापर्यंतच मोजता यायचं, म्हणून दहा झाले की बोट मुडपायची. असं कुणी मोजलेलं आकडेवारीत येत नाही, पण माझ्या लेखी त्या लढाईचा तोही एक भाग आहे.

सोळा डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. ९३ हजार युद्धकैदी, नवा देश. आपल्या चाळीत पेढे वाटले, तुम्ही स्वतःच्या हाताने आईला एक भरवलात. पश्चिमेला तोफा मात्र सतरा तारखेला रात्री आठपर्यंत चालू होत्या. आणि बाबा आदल्याच रात्री शकरगडच्या बाजूला पडले होते.

बाबा सुरुंग काढायचे. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच, मी दहावीत असताना, अंगणातल्या मातीत सळई घेऊन त्यांनी मला दाखवलं होतं: पोटावर पडून सळई तिरकी घालायची, सरळ कधीच नाही, कारण सुरुंगाचा खटका वरच्या बाजूला असतो. दोन-चार बोटं पुढे सरकायचं, पुन्हा घालायची. कठीण लागलं की हाताने माती बाजूला करायची. मोकळ्या केलेल्या वाटेला दोन्ही बाजूंनी पांढरी फीत, म्हणजे मागून येणारे रणगाडे आणि पायदळ त्यातूनच जातील. हे सगळं डिसेंबरातल्या थंडीत, रात्री, वरून तोफा चालू असताना. "घाई करणाऱ्याचं ते कामच नाही," म्हणाले. भरती झाल्यावर त्यांना आधी नाव ऐकवलं गेलं ते राम राघोबा राण्यांचं. १९४८ मध्ये राजौरीच्या रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देणारे, परमवीरचक्र मिळवणारे बॉम्बे सॅपर. राणे १९९४ मध्ये इथे पुण्यातच गेले. त्या दिवशी बाबा कोणाशी बोलले नाहीत.

तार आली ती इंग्रजीत. जखमी आहेत, पठाणकोटला रुग्णालयात आहेत, एवढीच. ती तुम्ही शब्दन् शब्द वाचून, मग मराठीत सांगितलीत. पुढचे दोन आठवडे काही नाही. मग जानेवारीत ते पत्र आलं.

आईने मला त्या संध्याकाळचं इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होते असंच वाटतं. होतेही म्हणा, तिच्या पोटात, सातव्या महिन्यात. तुमच्या खोलीत कंदील, बाजूला दोन-तीन शेजारणी. पत्र बाबांनी कुणाला तरी सांगून लिहवून घेतलेलं, हिंदीत. पायाला थोडं लागलंय, काळजी करू नकोस, तब्येतीला जप. तुम्ही वाचत होतात आणि आई हसायला लागली होती. खाली, सही झाल्यावर, लिहिणाऱ्याने आपल्या मनाने एक ओळ घातलेली होती: जवानाचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आहे, तो घरी कळवायला तयार नाही.

तुम्ही तिथे थांबलात. वाचायचं संपलं असं म्हणून तुम्ही पत्राची घडी घालू शकला असतात. आईला काय कळणार होतं? पण ती तुमच्या तोंडाकडे बघत होती. "थांबला का बाई? वाचा की."

मागून एक काकू तुम्हाला खुणेने नको म्हणत होत्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाहीत. आईला जवळ घेतलंत आणि ती ओळ वाचलीत. "पत्र तुझं आहे," म्हणालात, "त्यातलं काही ठेवून घ्यायचा मला हक्क नाही."

रात्रभर तुम्ही आईपाशी बसून होतात. दुसऱ्या दिवसापासून नळावर सुरू झालं. दोन जिवांची बाई, पोराला काही झालं असतं म्हणजे? शिकलेल्या बाईला एवढी अक्कल नाही? दोन घरांनी तुमच्याशी बोलणं टाकलं ते संक्रांतीला तिळगूळ द्यायलाही आल्या नाहीत. त्या बायका वाईट नव्हत्या, हेही मला इथे लिहायचं आहे. त्याच आईला रोज गरम भाकरी आणून देत होत्या. त्यांनी आपल्या परीने मायाच केली. पण चुकत त्या होत्या, बाई, तुम्ही नव्हे.

आठवड्याने आई पाटी घेऊन तुमच्या दारात उभी राहिली. "माझं पत्र मलाच वाचता आलं पाहिजे." तुम्ही तिला 'अ' पासून सुरू केलं नाहीत. बाबांच्या पत्रातली अक्षरं घेतलीत, प, ठ, न, क, ट, म्हणजे आधी येतील ती कामाचीच येतील. ती वही माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर तुमच्या लाल शाईची दुरुस्ती, आणि कुठेही 'छान' नाही. फक्त बरोबर अक्षर शेजारी लिहिलेलं.

फेब्रुवारीत बाबांना पुण्यात आणलं, वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात. ते १९४४ पासूनचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालेलं. शाळेतून रजा काढून तुम्ही आईला दोन बस बदलून घेऊन गेलात. पाय नसलेली पंचवीस-तीस पोरं एका दालनात, बहुतेक सुरुंगांचीच. त्या लढाईत आपले नऊ हजारांहून जास्त जवान जखमी झाले, हा आकडा मी फार नंतर वाचला. आईने तो डोळ्यांनी पाहिला होता. बाबांनी ब्लँकेट कमरेपर्यंत ओढून घेतलेलं, आई आली तशी मान फिरवली. आईने ब्लँकेट बाजूला केलं, पायाला हात लावला आणि विचारलं, "रात्रीचं दुखतंय का?"

बाबा म्हणायचे, तिला कसं सांगू, ती रडली तर काय करू, याच विचाराने महिनाभर झोप नव्हती. ती रडलीच नाही. तिचं रडणं तुमच्या खोलीत होऊन गेलं होतं.

नवा पाय मिळाला तेव्हा मी पंधरा दिवसांची होते. चामड्याचे पट्टे, मांडीला बांधायचं कातडी आवरण, आत लोकरीचा मोजा. त्या मोज्याला टाच नसते, बोटं नसतात, नुसता निमुळता. पायाचा भाग आकसत जातो तसा एकावर एक असे दोन मोजे, मग तीन. आई ते रोज धुऊन गॅलरीच्या दोरीवर वाळत घालायची, सगळ्यांच्या नजरेसमोर, साड्यांच्या शेजारी. लपवायचं काही नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांचे मोजे असे असतात. पुढे बाबांना डेपोत नोकरी लागली आणि ते खडकीच्या रस्त्यांवरून सायकल मारत कामाला जायचे. तुमच्याही दारावरून जायचे. घंटी वाजवत असतील, ती तुम्हाला ऐकू येत असेल.

कॅम्पातल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर मी दर डिसेंबरात जाते, नावं वाचते. तुमच्यासारख्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. नाव न घालता लिहिते आहे, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही.

बाई, आमच्या घरातर्फे, गेलेल्या दोघांतर्फेही, तुमचे मनापासून आभार. तुम्ही आता लेकीकडे कोथरूडला असता असं कळलं. येत्या रविवारी सकाळी येते. वही घेऊन येईन, आणि बाबांच्या ट्रंकेत जपून ठेवलेलं आईचं पहिलं पत्रही. आत तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच ओळी आहेत: 'मला सगळं माहीत आहे. लवकर या.' वरचा पठाणकोटचा पत्ता तुमच्या अक्षरात आहे.

आपली,
आठ नंबरची
खडकी, पुणे