पुराचे फोटो कपाटात सडतायत, साहेब

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार,

साहेब, नाशकात गंगेला पूर आला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) की सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे (नदीपात्रातली दोन तोंडांची उंच मूर्ती) बघतं, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, झालं आमचं मोजमाप. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात.

१९६९ च्या पुरात पाणी नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत चढलं होतं असं जुनी माणसं अजून सांगतात. त्या पुराचे फोटो पंचवटीत, भांडी बाजारात, जुन्या वाड्यांत बऱ्याच जणांकडे आहेत. सगळ्यांना भरलेल्या गंगेचा फोटो आवडतो, पण मला विचाराल तर खरे कामाचे फोटो पूर ओसरल्यानंतरचे. भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ, ओट्यावर वाळत टाकलेल्या गाद्या, मागे दुकानाची पाटी. ती भिंत अजून उभी असेल तर टेप लावून आजही सांगता येतं की पाणी नक्की कुठवर आलं होतं, आणि इथे निळ्या पूररेषेवरून, लाल पूररेषेवरून (नदीकाठी बांधकाम कुठवर करू द्यायचं ते या रेषांवर ठरतं) एवढी भांडणं चालतात तेव्हा हे फोटो कोणी बघतच नाही!

आणि ते टिकणारही नाहीत. फ्रेममधला फोटो ओलीने काचेला चिकटतो, ओढला की वरचा थरच निघतो. निगेटिव्हच्या डब्या उघडल्या की व्हिनेगरसारखा वास येतो, म्हणजे फिल्म सडायला लागली. २०१६ च्या पुराचे फोटो तर मोबाईलमध्येच, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून बारीक झालेले, आणि त्यात कोणीतरी १९६१ च्या पानशेतचा, म्हणजे पुण्याचा फोटो नाशिक म्हणून ढकलून देतो.

पुराभिलेख (जुनी कागदपत्रं सांभाळणारं) आणि पुरातत्त्व दोन्ही खाती तुमच्याकडेच आहेत. सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यात पावसाळ्याआधी स्कॅनिंगचा कॅम्प लावा. फोटो लोकांकडून मागून घेऊन ठेवू नका, कोणी देणार नाही, समोर स्कॅन करून लगेच परत द्या. फोटो आणणाऱ्या आजी-आजोबांना बसवून चहा द्या आणि गल्ली कुठली, वाडा कोणाचा, पाणी कितव्या पायरीला होतं ते लिहून घ्या, कारण नुसत्या फोटोवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटावर कामं चालू आहेत, जुन्या भिंती-पायऱ्या त्यात जायच्या आत हे व्हायला हवं.

आपला,
जुन्या नाशकातला एक रहिवासी