चि. समीरला

चि. समीर,
अनेक आशीर्वाद. फुटबॉल क्लबनं तुला सोडल्याचं बापूंकडून कळलं. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तिथंच राहून दुसरीकडे ट्रायल देणार म्हणे. दे. पण पगार बंद, मेस बंद, मग जेवतोस कुठं? आई विचारते म्हणून विचारलं.

कोचनं तुला 'स्लो' म्हटलं, हे जास्त लागलंय ना? मग इंग्लंडचा स्ट्रायकर रिकी लॅम्बर्टचं बघ. वेग त्याच्याकडेही नव्हता. लिव्हरपूलनं १५व्या वर्षी काढला, पुढं ब्लॅकपूलनंही सोडला. मॅकल्सफील्ड क्लबला बिनपगारी सराव करायचा आणि बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावायची, दिवसाला २० पौंड. त्याच मॅकल्सफील्डनं २००२ मध्ये त्याला स्टॉकपोर्टला ३ लाख पौंडांना विकला. तिथून रॉचडेल, मग ब्रिस्टल रोव्हर्स. २००८-०९ ला इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत २९ लीग गोल मारले, तेव्हा साउदॅम्प्टननं उचलला.

साउदॅम्प्टनही तेव्हा तिसऱ्या श्रेणीतच होतं, वर १० गुण वजा करून हंगाम सुरू झालेला. मॅनेजर पार्ड्यूनं आधी त्याचं वजन उतरवायला लावलं. उतरवायला म्हणजे उपाशी राहून नव्हे, हे ध्यानात ठेव. रिकाम्या पोटी सराव केलास की शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात. टच लांब पडतो, आणि बघणारा म्हणतो 'स्लो'. चपाती-भात तरी पोटभर खा, अंडी खा. झालं, लागलो शिकवायला. सोड.

खेळ बघ त्याचा. पाठ गोलकडे, डिफेंडर अंगावर घेतलेला, चेंडू छातीवर. चेंडू येण्याआधीच खांद्यावरून एक नजर मागं. एका टचमध्ये कडेनं पळणाऱ्या विंगरला देतो आणि लगेच धावत सुटत नाही. डिफेंडर चेंडूकडे वळला की त्याच्या पाठीमागून बॉक्समध्ये शिरतो. तू घाई करतोस. कडेवरून क्रॉस निघायच्या आधीच पहिल्या पोस्टला जाऊन उभा राहतोस, मग चेंडू डोक्यामागून जातो. छातीवर घेणं मात्र तुझं लहानपणापासून पक्कं. शाहू स्टेडियमवर त्या सेमीफायनलला घेतलेलास, गॅलरीतले म्हातारे उठून उभे राहिले होते. आक्का अजून सांगत असते.

पुढं साउदॅम्प्टनला लागोपाठ दोन हंगामांत वरच्या श्रेणीत दोन बढत्या, आणि २०१२-१३ ला प्रीमियर लीगमध्ये १५ गोल. १४ ऑगस्ट २०१३ ला वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध २-२ असताना वेन रुनीच्या जागी आला. बेन्सचा कॉर्नर, पहिलाच टच, डोक्यानं गोल. वय ३१, इंग्लंडकडून पहिलीच मॅच.

नंतरचंही सांगतो, नुसतं गोड सांगून काय उपयोग. २०१४ ला लिव्हरपूलनं ४० लाख पौंड देऊन परत नेला. बहुतेक वेळ बाकावरच गेला, अख्ख्या हंगामात ३ गोल. पुढं वेस्ट ब्रॉम, कार्डिफ, आणि २०१७ ला निवृत्ती. माझ्या मते साउदॅम्प्टनला त्याच्याभोवती पळणारी पोरं होती, चेंडू छातीवर यायचा. लिव्हरपूलला शेवटच्या दहा मिनिटांत सोडायचे, त्यात असल्या खेळाडूला लय सापडत नाही. म्हणून नवा क्लब बघताना नाव बघू नकोस. विंगर क्रॉस टाकतात का, आणि तुला किती मिनिटं खेळवतील, हे आधी विचार. राहणं-जेवण देतात का तेही विचार. लाजू नकोस.

तुझ्या खात्यात पैसे टाकलेत. ते बुटांना नाहीत.

तुझा,
बाबा

ता.क. सकाळी काय खाल्लंस एवढं तरी आईला मेसेज कर.