मान किती वेळा वर होते, ते मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'असर' म्हणजे 'प्रथम' संस्थेची गावोगावच्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी. तिचा अहवाल आला की आपल्या पानांवर मुलांच्या वाचनाची चर्चा सुरू होते. चार दिवस लेख, पत्रं, शिक्षकांना बोल, मग शिक्षकांची उत्तरं. पाचव्या दिवशी सगळं शांत. मी एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीला. त्या टीकेतलं बरंच मला मान्यही आहे. पण या चर्चेत लेखनाचा विषय कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

'असर'मध्ये मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचून दाखवतं. लिहायचं काही नसतं. गावात मात्र नेमकं उलट चालतं. मुलाला वाचता येतं का, हे फारसं कुणी विचारत नाही, वही बघतात. पालक बघतात, तपासणीला आलेले साहेब बघतात. वही भरलेली, अक्षर वळणदार, पानाखाली लाल सही आणि तारीख असली की सगळे खूश.

निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस मी एका शाळेत जाऊन बसते. दुसरीतल्या एका मुलानं फळ्यावरच्या पाच ओळी वहीत उतरवल्या होत्या. अक्षर इतकं देखणं की माझंही तसं नाही. म्हटलं, "वाच बरं, काय लिहिलंस?" तो हसला आणि फळ्याकडे बघायला लागला. पुढच्या खेपेला मी त्याच्याजवळच जाऊन बसले. 'पाऊस' लिहिताना त्यानं मान वर केली, प काढला. पुन्हा मान वर, काना. ऊ साठी दोनदा मान वर. मग स. एका शब्दाला पाच वेळा! शेजारच्या मुलीनं एकदाच वर बघितलं आणि 'पाऊस पडला' लिहून मोकळी झाली. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दोन्ही वह्या समोर ठेवल्या तर कुणीही त्या मुलालाच शाबासकी देईल. आणि तो तर लिहीत नव्हताच, चित्र काढत होता.

तेव्हापासून मी माना मोजते. कुठलीही चाचणी, कुठलंही ॲप लागत नाही. वाचता येणारं मूल शब्दागणिक वर बघतं, न येणारं अक्षरागणिक, कधी कधी तर रेघेगणिक.

आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानानं सांगतो. सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. 'दिवस' मध्ये वेलांटी आधी दिसते, पण म्हणायचा आधी द. 'र' चं तर विचारूच नका. 'रस' मध्ये एक रूप, 'सूर्य' मध्ये डोक्यावर, 'चक्र' मध्ये पायाशी, 'ट्रक' मध्ये आणखी चौथंच, आणि 'दुसऱ्या' मध्ये पाचवं. हे सगळं नुसतं गिरवून डोक्यात शिरत नाही. त्यासाठी मुलाला लवकरात लवकर अर्थाचे शब्द हाती लागावे लागतात. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं जायचं म्हटलं तर अर्धं वर्ष नुसत्या अक्षरांत जातं. त्याऐवजी क, म, ल आणि काना एवढंच घेतलं तरी काका, मामा, काम, कमल, माल, मला, काल, कमाल असे किती शब्द होतात! अक्षरगटांची ही पद्धत आता बऱ्याच शाळांत आहे. चांगली आहे. पण तिचाही शेवट जर 'हे शब्द दहा वेळा लिहून आणा' असाच होणार असेल, तर आपण फिरून तिथंच आलो.

आमचा भाग केळीचा, यावल-रावेरकडचा. इथं ळ चा य होतो. 'डोळा' हे कार्ड दाखवलं की मूल 'डोया' वाचतं. चूक म्हणून आपण लगेच थांबवतो. अहो, डोळ्यांनी 'डोळा' बघून त्यानं आपल्या घरातला डोया ओळखला, म्हणजे त्याला कळलं! अक्षराला अक्षर जोडत 'डो... ळा...' म्हणणाऱ्यापेक्षा ते पुढे आहे. ळ नंतर येतो, येतोच. माझ्या एकोणतीस वर्षांत ळ येत नाही म्हणून अडलेला एकही मुलगा मला आठवत नाही.

आता माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना म्हटलं, काल घरी काय झालं ते लिहा. एका मुलीनं लिहिलं: 'पपा केयी कापाले गेले गाडी आलीच नाही आणी मंग केयी तशीच रायली'. कापलेली केळी आणि न आलेली गाडी म्हणजे काय, हे केळीवाल्या घरातच कळतं. सात वर्षांच्या मुलीनं घरावर आलेला अख्खा दिवस एका ओळीत मांडला होता. मी काय केलं? लाल पेन घेतलं आणि सहा-सात गोल केले. 'आणी' वर तर दोनदा. खरं तर शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हा आपलाच नियम. 'आणि' हा अपवाद. पोरीनं नियमच लावला होता. दुसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं: 'माझी शाळा छान आहे. मला शाळा आवडते.' एकही चूक नाही. त्यानंतर वर्षभर ती असलंच लिहीत राहिली.

पुढे मी लाल पेन टाकून दिलं आणि वहीत उत्तर लिहायला लागले. 'अगं, मग केळी कुठे ठेवली? गाडी का आली नाही?' एवढंच. मूल ते वाचतं, कारण ते त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. त्यात केळी, मग, आणि हे शब्द नीट लिहिलेले असतात, ते आपोआप डोळ्यांखालून जातात. वाचन आणि लेखन वेगळे तास करून शिकवायची गरज पडत नाही. पस्तीस मुलांच्या वर्गात रोज सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही, हे खरं. रोज सात मुलं घ्या, आठवड्यात सगळी होतात. वेळ कुठून काढायचा, हा शिक्षकांचा प्रश्नही रास्त आहे. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या यांतून जो उरेल तोच वेळ. त्यावर आपण पुष्कळदा छापलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं त्यात आहे. उद्दिष्टाला माझी हरकत नाही. पण मोबाईलवर मिनिट लावलं की 60 मोजता येतात, 'समजून' मोजता येत नाही. मग मुलं पळत सुटतात. एका मुलीनं सबंध परिच्छेद एका दमात वाचला, आणि गोष्टीत कोण होतं विचारल्यावर म्हणाली, "परत वाचू का?"

गोष्टींची छान छान पुस्तकं बऱ्याच शाळांत आलेली आहेत. ती कपाटात आहेत. फाटलं तर साठा नोंदवहीत काय दाखवायचं, ही भीती. पहिलीच्या मुलाच्या हातात पुस्तक गेलं की ते फाटणारच. वर्षाला वीस पुस्तकं फाटली म्हणून लिहायची मुभा वरिष्ठांनी लेखी दिली, तर उद्या कुलपं निघतील.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या मुलांच्या पानावर कविता आणि चित्रं येतात. बहुतेक मोठ्यांनी हात फिरवलेली असतात, ते कळतं. तिथं आठवड्याला एकच चौकट पहिली-दुसरीच्या मुलांना द्या. दोन ओळी, त्यांनी लिहिल्या तशाच, 'आणी' सकट, त्यांच्याच अक्षरात. मुद्रितशोधकांना त्या दिवशी सुट्टी. पहिले दहा कागद मी पाठवते, माझ्याकडे तयार आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. यावल, जि. जळगाव