चेन ‘टाइट करून द्या’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारसायकलच्या देखभालीवर जे छापून येते त्यात इंजिन ऑइल, टायरमधली हवा आणि बॅटरी यांचाच ऊहापोह असतो. चेनच्या वाट्याला एक ओळ येते: ‘सैल झाली की घट्ट करून घ्या.’ हा सल्ला अर्धवट आहे आणि तो पाळणाऱ्यांच्या गाड्यांची बेअरिंग त्यापायी जातात.

चेनला ठरावीक ढील लागते. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत ती २० ते ३० मिमीच्या आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो, काही गाड्यांत स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवरही. ही ढील कशासाठी, ते समजून घ्यावे. स्विंगआर्म ज्या पिव्होटभोवती वरखाली होतो तो पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) केंद्रावर नसून थोडा मागे असतो. खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर दबले की दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर बदलते, आणि पुढचे स्प्रॉकेट, पिव्होट व मागचा ॲक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होते. स्टँडवर ‘मस्त टाइट’ वाटणाऱ्या चेनला तिथे जागाच उरत नाही. मग तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल झिरपू लागले की नुसते सील बदलून भागवतात, चेन मात्र तशीच ताणलेली राहते. फार सैल चेनही धोक्याचीच, ती उतरून चाक अडकवू शकते. पण सैल चेन कव्हरवर आपटून आवाज तरी करते. घट्ट चेनचा बोभाटा बेअरिंग गेल्यावरच होतो.

मोजायचे असे: इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, पुस्तिकेत सांगितलेल्या स्टँडवर. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, खालच्या पदराला पट्टी लावा. चेन बोटाने खाली ओढा, मग वर ढकला. या दोन टोकांमधले पूर्ण अंतर म्हणजे ढील. नुसते वर ढकलून मोजले तर आकडा कमी येतो आणि गरज नसताना चेन सैल केली जाते. चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट लागेल तिथे ढील बसवायची. सैल जागेवर बसवली, तर घट्ट जागा प्रत्येक फेरीत ताणली जाणार.

ॲडजस्ट करताना ॲक्सल नट ढिला करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत, पाव-पाव फेरा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत. चाक तिरपे बसले तर स्प्रॉकेटचे दात एका बाजूने घासतात. ॲक्सल नट पक्का केल्यावर ढील पुन्हा मोजा, घट्ट करताना ती हमखास थोडी बदलते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने रॉड ओढला जातो, म्हणून पेडलचा प्ले आणि ब्रेक लाइटही तपासावा. हे बऱ्याच ठिकाणी राहून जाते आणि ब्रेकचे लायनर विनाकारण घासत राहतात.

तेलाबद्दल थोडक्यात. इंजिनातून काढलेले जळके ऑइल चेनवर ओतण्याची सवय वाईट. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते. गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब वापरावे, साधारण दर ५०० किमीला आणि पावसात भिजल्यावर. ओ-रिंगच्या (रबरी रिंगांनी आत ग्रीस बंद केलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये. रिंगा खराब झाल्या की आतले ग्रीस निघून जाते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडके तर कधीच लावू नये. बोटे जातात.

चेन ‘लांबते’ म्हणजे कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, आतल्या पिना आणि बुश झिजतात. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या दातावर चेन धरून मागे ओढा. अर्ध्याहून अधिक दात उघडा पडला, तर ती ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही. दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण किट बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर संपते. क्लिपवाले लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. आणि चेन व्यवस्थित असूनही गिअर टाकताना झटका बसत असेल, तर आधी मागच्या चाकाच्या हबमधले झटका शोषणारे रबर पाहावेत.

सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर ‘चेन ॲडजस्ट’समोर सहसा नुसती टिक असते. त्याऐवजी आधीची आणि नंतरची ढील मिमीमध्ये लिहिली जावी, असा आग्रह ग्राहकांनी धरावा. दोन सर्व्हिसिंगच्या आकड्यांची तुलना करता येते. तेवढ्याच किलोमीटरमध्ये ढील पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढू लागली, तर किट संपत आले हे चेन उतरण्याआधीच कळेल.

आपला,
एक वाचक