सत्र शाळेत, पोरगी फडात

संपादक महोदय,

किशोरवयीन मातांबद्दल आपल्या अंकात आलेली बातमी वाचली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण 8.3 होतं. घट एवढीच. बातमीत त्यावर उपाय काय, तर 'जनजागृती वाढवणार'. ती जनजागृती करणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे पत्र. उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे.

2014 साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक, तिथे समुपदेशक, गावात माहिती सांगायला त्यांच्याच वयाचे 'साथिया'. कार्यक्रम चांगला आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. 2007 साली लैंगिक शिक्षणावरून या राज्यात झालेला गदारोळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना वर्गात उभं राहून पाळीबद्दल मोकळेपणी बोलता येणं हीच मोठी गोष्ट वाटायची. (त्या तासाला मुलांना मात्र मैदानावर पिटाळायचे. जणू या सगळ्याशी त्यांचा संबंधच नाही!)

पण आमची सत्रं शाळेत व्हायची आणि जिला गरज ती पोरगी उसाच्या फडात असायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातल्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. घरात लग्नाचा मुलगा असला की हंगामाआधी त्याचं उरकून टाकायचं, कोयता पुरा होतो. मुलीच्या घरचा हिशोब वेगळा. आईबाप पाच-सहा महिने कारखान्यावर, मागे पंधरा वर्षांची पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर, म्हणून तिचंही लग्न उरकायची घाई. "मॅडम, जिवाला घोर लागतो, रातीला डोळा लागत नाही," असं मला एक आई म्हणाली होती. तिला बालविवाहाचा कायदा पाठ होता. मीच सांगितला होता.

एक प्रसंग लिहिते. हंगाम संपला, कारखान्यांचे पट्टे पडले, माणसं परतली आणि एक सासू सुनेला तपासणीला घेऊन आली. वजन 38 किलो. वय विचारलं तर सासूनेच उत्तर दिलं, "एकुणीस." मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्या हातातल्या बीपीच्या पट्ट्याकडे बघत होती. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात लोहाची निळी गोळी मीच तिच्या तळहातावर ठेवली होती. सासू केसपेपर काढायला गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलेलं समदं ध्यानात हाय माझ्या." म्हणजे माहिती पोचली होती. तिच्या उपयोगी पडली नव्हती, एवढंच.

मी रजिस्टरात एकोणीस लिहिलं. खरं वय लिहिलं असतं तर पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागलं असतं आणि ती पुन्हा तपासणीला फिरकली नसती, अशी भीती होती. बरोबर केलं असं म्हणत नाही. पण आमच्या रजिस्टरात अठराखालची आई सहसा का सापडत नाही, ते यावरून समजावं.

माझं म्हणणं असं, की मुलींना रात्री झोपायला सुरक्षित जागा देणं हाही या कार्यक्रमाचा भाग धरावा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं काढायचा निर्णय 2021 साली झाला, संत भगवानबाबांच्या नावाने. ते खातं सामाजिक न्यायाचं, आमचं आरोग्याचं. एकाच मुलीबद्दल दोन खात्यांची एक बैठक झालेली मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. शाळांमधली हंगामी वसतिगृहं आहेत, पण मी पाहिली त्या ठिकाणी मुलांना दोन वेळचं जेवण मिळायचं आणि झोपायला ती आपापल्या घरी जायची. पोरीच्या आईला घोर असतो तो रात्रीचाच.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अधिकारी किती शाळांत किती सत्रं झाली याचा आकडा देतील, तेव्हा आणखी एक आकडा मागा: दिवाळीपर्यंत मुलींच्या वसतिगृहांतल्या किती खाटा भरल्या? तालुकावार मागा आणि तसाच छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, बीड जिल्हा
(नाव छापू नये. कारण वर आलंच आहे.)